अंड्याला जागा, पिलाला अळी
लेखमाला : शहरातली सृष्टी – भाग ७

पुण्याच्या वेताळ टेकडीवर सकाळी चढायला लागलं की पहिली दहा मिनिटं ओळखीचेच आवाज कानावर येतात. बुलबुल, शिंपी, दयाळ, दूर कुठंतरी तांबटाचं टुक-टुक. ही मंडळी खाली सोसायटीच्या आवारातही भेटतात. वर पठारावर गिरीपुष्पाची दाटी संपते, उघडं गवत लागतं आणि आवाज बदलतात. चंडोल गात गात आभाळात चढतो. नशीब असेल तर गवतातून तितर ओरडतो. नकाशावर या दोन्ही जागा एकाच हिरव्या रंगात रंगवलेल्या असतात, पण पक्ष्यांच्या लेखी ती दोन वेगळी गावं आहेत.

रस्त्याकडेच्या झाडांवरचा मागचा भाग वाचून काहींनी विचारलं, ‘झाडं वाढवली की पक्षी येतीलच ना?’ येतील. पण कोणते येतील, हे झाडांच्या संख्येवर ठरत नाही. बागेत किंवा टेकडीवर कोण टिकेल हे समजून घ्यायचं तर पक्ष्याच्या बाजूने दोन प्रश्न विचारावे लागतात. अंडी घालायची कुठं? आणि पिलांना भरवायचं काय?

पारव्याकडे दोन्हींची उत्तरं तयार आहेत. तो मूळचा कड्याकपारींतला पक्षी. दहा मजली इमारत त्याला कड्यासारखीच. खिडकीवरचा सज्जा ही कपार. आणि त्याच्या पिलांना किडे-अळ्या लागतच नाहीत. नर आणि मादी, दोघांच्याही गळ्यातल्या अन्नपिशवीत दह्यासारखा पौष्टिक स्राव तयार होतो. पिलांचे पहिले दिवस त्यावरच निघतात. आई-बापांनी नुसती ज्वारी खाल्ली तरी पिलू पोसलं जातं. म्हणून पारव्याची वीण जवळजवळ वर्षभर चालू राहते.

चिमणीचं तसं नाही. आपण तिला तांदूळ टाकतो, ती आनंदाने टिपते, पण तिच्या कोवळ्या पिलांना मऊ किडे आणि अळ्याच लागतात. जुन्या वाड्यांत वासे होते, भिंतीत पोकळ्या होत्या, तसबिरींच्या मागे जागा होती. शिवाय परसात कढीपत्ता, लिंबू, दोडक्याचा वेल असायचा आणि त्यांवर अळ्या असायच्या. वाडा पाडून काचेची इमारत उभी राहिली, परसाच्या जागी फरशी आली, आणि चिमणीच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकदमच पुसली गेली.

जगभरातल्या ५४ शहरांच्या पक्षियाद्या एकत्र तपासणारा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ८० टक्क्यांहून अधिक शहरांत आढळणाऱ्या जाती भरल्या अवघ्या चार. पारवा आणि चिमणी त्यांतल्याच. पण मला त्यातली दुसरी बाब अधिक मोलाची वाटते : या शहरांत मिळून जगातल्या सुमारे २० टक्के पक्षिजाती नांदताना आढळल्या. म्हणजे शहर सगळ्यांनाच हाकलत नाही. ते निवड करतं, आणि त्या निवडीत आपला हात असतो.

राखी धनेशाचं उदाहरण घ्या. पुण्यातल्या जुन्या बागांमध्ये आणि मोठमोठ्या झाडांच्या पेठांमध्ये तो आजही दिसतो. त्याला स्वतःला ढोली कोरता येत नाही. म्हाताऱ्या झाडाच्या खोडातली आयती पोकळीच हवी. मादी आत शिरते, विष्ठा आणि चिखलाने तोंड लिंपून घेते. मग एका बारीक फटीतून नर तिला कित्येक आठवडे भरवत राहतो, मुख्यतः वड, पिंपळ, उंबराची फळं. अशी ढोली तयार व्हायला काही दशकं जातात. असं एक झाड तोडून त्या बदल्यात दहा रोपं लावली, तर हिशेबाच्या वहीत दहा झाडं वाढतात आणि धनेशाचं एक घर जातं.

तांबट स्वतः ढोली कोरतो, पण त्याला मऊ, वाळलेली फांदी लागते. पावसाळ्याआधी वाळक्या फांद्या छाटायची पद्धत आहे. डोक्यावर पडण्याजोगी फांदी काढलीच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. बागेच्या कोपऱ्यातली, खाली कुणी फिरकत नाही अशी फांदी मात्र राहू द्यावी. आमच्या गल्लीतल्या गुलमोहराची अशीच एक फांदी गेली तेव्हा तिच्यावरचं वाटोळं भोक खाली पडल्यावरच सगळ्यांना दिसलं.

आता पुन्हा टेकडीकडे. पुणे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतलं. इथल्या टेकड्या मुळात गवताच्या, अधूनमधून बोरी-बाभळी आणि काटेरी झुडपांच्या. त्या ‘उजाड’ वाटल्या म्हणून वनखात्याने त्यांवर मध्य अमेरिकेतून आलेलं गिरीपुष्प मोठ्या प्रमाणावर लावलं. ते झपाट्याने वाढतं आणि गुरं सहसा त्याला तोंड लावत नाहीत. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याला गुलाबी बहर येतो, शिंजीर त्यावर मध प्यायला येतात. टेकडी हिरवी झाली, यात खोटं काही नाही. पण शिंजीरसुद्धा आपल्या पिलांना मधावर वाढवत नाही. कोळी आणि किडेच भरवतो. आणि तितर, लाव्या, चंडोल, माळटिटवी हे सगळे जमिनीवर अंडी घालणारे. त्यांना मोकळं माळरान हवं. दाट सावलीत गवत विरळ होतं, आणि उरलेल्या गवतात मोकाट कुत्री हुंगत फिरतात. लावणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, म्हणूनच हे लिहिताना जड जातं.

दर पावसाळ्यात संस्था, शाळा, कंपन्या रोपं घेऊन टेकडीवर येतात. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे : पठारावरच्या गवताला हात लावू नका. तिथे खड्डे खणू नका. लावायचंच असेल तर खाली वस्तीत, रस्त्याकडेला, शाळेच्या मैदानाच्या कडेला उंबर लावा, पिंपळ लावा, नांदरुक लावा. माळ ही मोकळी पडलेली जागा नाही. चंडोलाची अंडी तिथे गवताच्या मुळाशी, मातीच्याच रंगात, आपल्या बुटापासून वीतभर अंतरावर असतात.

पुढच्या आठवड्यात मुळा-मुठेच्या काठी जाऊ. खंड्या आणि वेडा राघू मातीच्या उभ्या दरडीत बीळ खणून अंडी घालतात. त्याच दरडीला दगडी पिचिंग झालं की काय होतं, आणि मैलापाण्याच्या उथळ काठावर शेकाट्यांचे थवे कसे जमतात, ते पाहू.