मोटार आपली, किल्ली कुणाची?



आज खेड्यापाड्यांत जीप आली आहे, मालवाहू टेंपो आला आहे, आणि मोटारसायकल तर आळीआळीतून उभी दिसते. भाजी बाजारात न्यावयाची, दूध डेअरीवर पोचवावयाचे, अडलेल्या बाईला तालुक्याच्या दवाखान्यात न्यावयाचे, ही सारी कामे आता चाकांवर चालतात. पण त्याबरोबर एक तक्रारही जिथे तिथे कानांवर येते. ‘पूर्वीची गाडी बिघडली तर घरच्या घरी नीट होई, नव्या गाडीचे बॉनेट उघडून नुसते बघत राहावे लागते!’ ही तक्रार कितपत खरी आहे, आणि खरी असेल तर त्यावर उपाय काय, एवढेच आज आपण पाहू. मी अर्थशास्त्राचा अध्यापक आहे. म्हणून यंत्राविषयी लागेल तेवढेच बोलेन आणि मग हिशेबाकडे वळेन.

आधी जुनी गाडी घेऊ. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. अशा गाड्यांच्या पेट्रोल इंजिनाला मुख्यतः दोन गोष्टी लागत: हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण, आणि ते पेटविणारी ठिणगी. मिश्रण करी कार्बोरेटर. ठिणगीची वेळ सांभाळीत डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट. दोन्ही वस्तू डोळ्यांना दिसत आणि हाताने उघडत. गाडी ‘मिसिंग’ करू लागली की मिस्त्री प्लग काढून बघे. प्लगवर काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे, पांढरट असेल तर कमी जाते आहे, आणि बदामी असेल तर सारे ठीक. जेटमध्ये कचरा अडकला तर फुंकर मारावी, पॉइंट जळले तर बारीक पॉलिश पेपरने घासावेत. एक पाना, एक पक्कड आणि थोडी अक्कल, एवढ्यावर काम भागे.

मग हे बदलले का? कुणी मुद्दाम आपल्याला छळण्यासाठी बदलले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कार्बोरेटरचे काम अंदाजाने चालते, आणि त्या अंदाजातून धूर निघतो. तो कमी करण्यासाठी धुराच्या नळीत एक शुद्धीकरण-भांडे बसवितात. ते नीट काम करण्यासाठी एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा हे प्रमाण क्षणोक्षणी राखावे लागते. हे कार्बोरेटरला साधत नाही. म्हणून धुरातला प्राणवायू मोजणारा सेन्सर आला, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर आला, आणि या दोघांच्या मध्ये बसून हिशेब करणारा छोटा संगणक आला. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे निकष साऱ्या देशात लागू झाले, आणि नव्या मोटारसायकलींतूनही कार्बोरेटर बहुतेक गेला. ५० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक निकष लागले. त्याहून लहान ट्रॅक्टरांत मात्र साधा, हाताने उघडणारा पंप अजून पुष्कळ ठिकाणी आढळतो.

या बदलाचा लाभ आपल्यालाही झाला आहे बरे का! थंडीत पहाटे चोक ओढून किका मारीत बसावे लागत नाही. पॉइंट घासावयाचे काम संपले. धूर घटला, त्याचा फायदा गावातल्या लेकरांच्या फुप्फुसांना झाला. तेव्हा ‘जुने ते सोने’ ही म्हण इथे पुरती लागू पडत नाही.

पण इथेच एक फरक ध्यानात घ्यावयास हवा. आजच्या गाडीतल्या अडचणी दोन जातींच्या आहेत. पहिली जात यंत्राच्या स्वभावातून येते. नव्या डिझेल इंजिनाच्या इंजेक्टर नळीतला दाब हवेच्या दाबाच्या दीड-दोन हजार पट असू शकतो. त्या नळीचा नट घरी सैल करणे म्हणजे जिवाशी खेळ. ती बारीक धार कातडीतून आत शिरते. अशा कामाला शिकलेला माणूस आणि योग्य हत्यारेच हवीत.

दुसरी जात मात्र माणसाने घातलेल्या कुलपाची आहे. दुसरी किल्ली करावयाची तर तिच्यातली चिप गाडीच्या संगणकाला ओळखवून द्यावी लागते. चोरी टळते हे चांगलेच. पण ती ओळख करून देण्याचे साधन कंपनीच्याच माणसापाशी असेल तर? काही गाड्यांत नवा सुटा भाग बसविला तरी संगणकाने मान्यता दिल्याशिवाय तो चालत नाही. कुठे दिव्याचा साधा बल्ब बदलण्यासाठी पुढचा बंपर उतरवावा लागतो. दुरुस्तीचे सविस्तर पुस्तक तालुक्याच्या मिस्त्रीला मिळतच नाही. या अडचणींचा धुराशी काही संबंध नाही.

आता हिशेब पाहू. गाडी घेताना आपण चार दुकाने फिरतो, घासाघीस करतो. पण गाडी घेतल्यावर दहा-पंधरा वर्षे दुरुस्ती चालते, आणि तिथे जर एकच दुकान उघडे असेल तर भाव कोण ठरविणार? एकाच आडत्याला माल घालावा लागला तर काय होते, हे शेतकऱ्याला सांगावयास नको. शिवाय ते दुकान जिल्ह्याच्या गावी असते. ऐन सुगीत टेंपो दोन दिवस उभा राहिला तर टोमॅटो काही थांबत नाहीत. दुरुस्तीच्या बिलात हे नुकसान कुठेच लिहिलेले नसते. आणि गावच्या मिस्त्रीचा धंदा बुडतो तो वेगळाच.

हा प्रश्न आपल्या सरकारी यंत्रणेपुढेही आला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड सांगितला. सुटे भाग, तांत्रिक माहिती आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, असा ठपका होता. कंपन्या अपिलात गेल्या आणि प्रकरण लांबले. पुढे जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. तिच्या कक्षेत मोटारींबरोबर शेतीची अवजारेही आहेत. त्याच वर्षी डिसेंबरात या हक्काचे संकेतस्थळ सुरू झाले.

अमेरिकेतही हेच भांडण चालू आहे. तिथल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली मोटारदुरुस्तीच्या हक्काचा कायदा झाला. शेतीयंत्रांसाठी असा कायदा पहिल्याने कोलोरॅडो राज्याने केला. तो १ जानेवारी २०२४ पासून अमलात आला. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने जॉन डीअर या ट्रॅक्टर कंपनीवर दुरुस्तीच्या अडवणुकीबद्दल खटला भरला. म्हणजे कोलोरॅडोचा शेतकरी आणि आपल्या कोपरगावचा शेतकरी, दोघांचे गाऱ्हाणे एकच!

कंपन्यांचेही म्हणणे ऐकले पाहिजे. त्या म्हणतात, कुलूप काढले तर चोर फावतील, कुणी धुराची यंत्रणा बंद करील, ब्रेकशी खेळेल. ही भीती अगदी पोकळ नाही. पण धोका आहे म्हणून औषधाचे ज्ञान एकाच वैद्यापाशी ठेवावयाचे, असे आपण करीत नाही. शिकलेल्या प्रत्येक वैद्याला ते देतो आणि त्याच्यावर जबाबदारी टाकतो. शिकलेल्या मिस्त्रीलाही वाजवी किमतीत माहिती आणि साधने मिळावीत, एवढीच ही मागणी आहे.

तोवर आपल्या हाती काय आहे? वाटते त्याहून पुष्कळ आहे. गाडीबरोबरचे पुस्तक वाचून फ्यूजची पेटी कुठे आहे ते बघून ठेवावे. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी धरली तरी गाडी सुरू होत नाही. हवेचा फिल्टर, टायरमधली हवा, तेलाची पातळी ही कामे अजूनही घरचीच आहेत. गाडी गोठ्याजवळ किंवा कोठाराजवळ उभी राहात असेल तर उंदराने वायर कुरतडली आहे का, हे आधी पाहावे.

समोर तेलाचा लाल दिवा लागला तर गाडी तिथल्या तिथे बंद करावी. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा नुसता पेटला असेल तर लवकर तपासून घ्यावे. तो लुकलुकू लागला तर वेग कमी करून थांबावे. ते मिसिंगचे लक्षण असते. आजच्या मोटारीत स्टिअरिंगच्या खालच्या बाजूस एक १६ खाचांचे सॉकेट असते. त्याला जोडावयाचे छोटे यंत्र हजार-दोन हजार रुपयांत मिळते, आणि ते संगणकाने नोंदविलेली खूण वाचून दाखविते. ‘पी ०३००’ म्हणजे मिसिंग, ‘पी ०१७१’ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी. ही खूण थर्मामीटरसारखी समजावी. थर्मामीटर ताप सांगतो, तापाचे कारण सांगत नाही. मिश्रणात पेट्रोल कमी पडते, याचे कारण महागडा सेन्सर असेल, किंवा हवेची फाटलेली एक नळीही असेल. कारण शोधावयाला जुन्या मिस्त्रीची नजर आजही लागतेच. एअरबॅग, आणि विजेवरच्या गाडीतल्या नारिंगी रंगाच्या वायरी, यांना मात्र घरी हात लावू नये.

नवी गाडी घेताना विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत. जवळचे दुरुस्तीकेंद्र किती लांब? सुटे भाग बाहेर मिळतात का? दुसरी किल्ली करावयास काय पडते? गिऱ्हाईक विचारू लागले की उत्तरे तयार होऊ लागतात.

शिक्षकबंधूंना एक विनंती. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. त्याची माहिती दहावीच्या मुलामुलींना अवश्य द्यावी. विज्ञानाच्या तासाला गावच्या मिस्त्रीला बोलावून एक जुने इंजिन मुलांसमोर उघडावे. पाना धरणारा हात आणि खूण वाचणारी बुद्धी एकाच माणसापाशी आली, तर जिल्ह्याच्या गावचे पुष्कळ हेलपाटे वाचतील. आणि तसा एक माणूस गावागावात असावा, असा आग्रह धरण्याचा हक्क, ज्याने गाडीची किंमत मोजली, त्याला आहेच आहे.