शाफ्ट व तुंबा यांची स्प्लाइन जोडणी : गिरणगावाच्या संदर्भात

मुंबईत १८५४ साली कावसजी दावर यांनी कापड गिरणीची स्थापना केली. पुढे परळ-लालबागचा परिसर गिरण्यांनी व्यापला. जुन्या गिरण्यांत वाफेच्या इंजिनाची शक्ती छताजवळील लांब शाफ्टवरून, पुल्या व पट्ट्यांच्या द्वारे, यंत्रांपर्यंत पोहोचत असे. पुली शाफ्टवर पक्की करण्याचे रूढ साधन म्हणजे चावी. चावीच्या मर्यादा आणि स्प्लाइनची आवश्यकता प्रस्तुत लेखात विशद केली आहे.

चावीच्या जोडणीत सर्व भार एकाच बाजूवर येतो. शिवाय खाचेच्या कोपऱ्यात प्रतिबल एकवटून तेथूनच तडा जाण्याचा संभव असतो. स्प्लाइनमध्ये शाफ्टच्या परिघावर समान अंतराने दाते कोरलेले असतात व तुंब्यात त्यांच्याशी जुळणाऱ्या खाचा असतात. त्यामुळे भार विभागला जातो.

उदाहरणार्थ, ६०० न्यूटन-मीटर टॉर्क, ४० मि.मी. व्यासाचा शाफ्ट आणि १२ × ८ मि.मी. छेदाची, ५० मि.मी. लांब चावी घेतल्यास बल ३०,००० न्यूटन व स्पर्शक्षेत्र सुमारे २०० चौ.मि.मी. येते, म्हणजे दाब १५० न्यूटन प्रति चौ.मि.मी. होतो. आतील व्यास ३६ व बाहेरील ४२ मि.मी. असलेल्या, आठ दात्यांच्या तेवढ्याच लांबीच्या स्प्लाइनचे स्पर्शक्षेत्र १,२०० चौ.मि.मी. असते. दाते तंतोतंत सारखे नसल्याने पाऊणच क्षेत्र भार घेते असे मानले, तरी दाब सुमारे ३४ वर येतो.

दुसरा गुण सरकण्याचा. मुंबईत १५ जुलै १९२६ रोजी बससेवा सुरू झाली. इंजिन पुढे असलेल्या बसमध्ये मागचा आस खड्ड्यांत वरखाली होतो व गिअरबॉक्सपासूनचे त्याचे अंतर बदलते. फिरता फिरता लांबी बदलू देणारा सरकता स्प्लाइन सांधा येथे अपरिहार्य ठरतो.

तथापि, वंगण आटल्यास किंवा शाफ्ट व तुंबा एका रेषेत नसल्यास सूक्ष्म घर्षणाने दाते झिजतात. तांबूस भुकटी दिसते आणि क्लच सोडताना ‘खट’ असा आवाज येतो. अशा वेळी केवळ तुंबा बदलणे ही खोटी काटकसर होय. झिजलेल्या शाफ्टवर नवा तुंबा बसविल्यास भार मोजक्याच दात्यांवर येतो व तेही लवकर निकामी होतात.

सारांश, स्थिर पुलीसाठी स्वस्त चावी आजही पुरेशी आहे. मोठा टॉर्क वा सरकती गती असेल, तेथे मात्र स्प्लाइनचा अधिक खर्च समर्थनीय ठरतो.