हातावरची भाकर

कतारमधल्या दोहा शहराच्या अल गराफा भागात एझदान मॉल आहे. घरात लागणारं आणि न लागणारंही तिथे मिळतं. नोकरी संपली की परदेशी कुटुंबांना गाशा गुंडाळावा लागतो, आणि विमानात सामान चालतं मोजक्याच किलोंचं. कपाटं उपसताना मग कळतं, किती तरी वस्तूंना वर्षभर कुणी हातही लावलेला नव्हता.

गरजा कमी करा, असं सांगणारे पुष्कळ. लोकांना ते पटवलं गाडगेबाबांनी.

अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेल्या बाबांची इस्टेट काय? अंगावरच्या चिंध्या, हातात खराटा आणि एक मडकं. जेवायचं त्यातच, आणि एरवी तेच डोक्यावर. कीर्तनात ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारत, हसवत, कबूल करायला लावत. जेवणाचं ताट मोडावं लागलं तरी मोडा, भाकर हातावर खा, पण पोरांना शिकवा, असं त्यांचं सांगणं असे. काय सोडायचं याच्या जोडीला काय कमवायचं तेही ऐकणाऱ्याला दिसे.

लोकांच्या देणग्यांतून नाशिक, पंढरपूर, आळंदी इथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. २० डिसेंबर १९५६ रोजी बाबा गेले, तेव्हा त्यांनी स्वतःसाठी साधी झोपडीही बांधलेली नव्हती.