कायदा गेला, शिक्का राहिला




पुण्याहून सातारा रस्त्याने शिवऱ्याला आलो आणि तिथून भोर-वेल्ह्याच्या डोंगरांकडे वळलो, की गावांच्या कडेला कातकरी वाड्या दिसतात. गावात काही चोरीला गेले की अनेकदा पहिला संशय या वाडीवर येतो. हा संशय आला कुठून? आणि आपल्या मंडळीचा त्याच्याशी काय संबंध? हे नीट समजण्यासाठी आधी अमेरिकेचा इतिहास थोडा पाहू.

१८७३ साली जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. काळ्या लोकांना दास्यातून सोडवण्यासाठी त्या लोकांनी झीज सोसली होती. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीरावांना त्या उदाहरणावरून आपल्या शूद्रातिशूद्र बांधवांच्या सुटकेची आशा वाटली. अमेरिकेत १८६५ च्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी बंद झाली होती. मात्र त्या दुरुस्तीत एक पळवाट होती : गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालणार होती. दक्षिणेतल्या राज्यांनी लगेच भटकेपणाचे कायदे केले. काम नसलेला काळा माणूस गुन्हेगार ठरू लागला, आणि कैदी म्हणून त्याला मळ्यांवर व खाणींत भाड्याने दिले जाऊ लागले. बाकीचे बटाईने शेती करत. बियाणे, धान्य मालकाकडून उधार घ्यायचे आणि हंगाम संपला तरी खाते मिटायचे नाही. बेडी तुटली, पण माणूस तिथेच राहिला.

यात ख्रिस्ती लोकांचा मोठा वाटा होता, हे दुःखाने कबूल करावे लागते. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायातील नोहाचा शाप काळ्या लोकांना लागू आहे, असे उपदेश मंडळ्यांत होत असत. तो अध्याय उघडून पाहा : शाप कनानाला आहे, आणि कातडीच्या रंगाचा तिथे उल्लेखही नाही. गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी नेमावे की नाही, या वादातून १८४५ मध्ये सदर्न बॅप्टिस्ट मंडळ्या वेगळ्या झाल्या. गुलामगिरीला दिलेल्या पाठिंब्याबद्दल त्यांनी जाहीर क्षमा मागितली ती १९९५ साली, म्हणजे दीडशे वर्षांनी. दुसरीकडे, त्याच पवित्र शास्त्राने गुलामांनाही धीर दिला. गुलामगिरीत जन्मलेल्या रिचर्ड ॲलन यांनी १८१६ मध्ये काळ्या विश्वासणाऱ्यांची स्वतंत्र मंडळी उभारली. पाळक मार्टिन ल्यूथर किंग यांचा लढाही अशाच मंडळ्यांतून वाढला. १९५९ मध्ये ते भारतात आले, तेव्हा केरळातील एका शाळेत त्यांची ओळख अमेरिकेतले अस्पृश्य अशी करून दिली गेली. आधी त्यांना धक्का बसला, मग ते खरेच आहे हे पटले, असे त्यांनी पुढे एका उपदेशात सांगितले.

आता आपल्याकडे पाहू. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यापर्यंत आणला. त्यामुळे काही जमातींत जन्मलेले मूल जन्मतःच संशयित ठरले. अशा लोकांच्या वसाहती चालवण्याचे काम सरकारने मिशनांनाही दिले. उत्तरेत १९०८ पासून मुक्तिफौजेने ते केले. सोलापूरच्या वसाहतीचे काम काही काळ अमेरिकन मराठी मिशनने पाहिले. तिथे शाळा होती, काम होते आणि हजेरीही होती. सेवकांची कळकळ खरी असेल, पण कुंपणाची किल्लीही त्यांच्याच हाती होती. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला.

कातकऱ्यांना तर जुन्या सरकारी गॅझेटियरांनीच चोरीची सवय असलेले लोक म्हणून रंगवले. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून ते कातकरी. १८७८ च्या वनकायद्यानंतर जंगल राखीव होत गेले आणि तो धंदा हातचा गेला. मग कोळशाच्या भट्ट्या आणि वीटभट्ट्या आल्या. पावसाळ्यात पोट भरायला उचल घ्यायची, दिवाळीनंतर भट्टीवर जायचे आणि हिशेबात पुन्हा देणेच निघायचे. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली आहे, तरी उचलीचा फेरा सुटलेला नाही. अमेरिकेतल्या बटाईदाराची वही आणि आपल्या भट्टीमालकाची वही यांत फारसा फरक नाही.

मग आपण काय करावे? लूककृत शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायात जक्कय आहे. प्रभू घरी आल्यावर तो नुसता रडला नाही. ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत देण्याचे त्याने कबूल केले. पश्चात्तापाला असा हिशेब असतो. आपल्यासाठी तो हिशेब म्हणजे जातीचा दाखला, रेशनकार्ड, घराखालच्या जागेचा कागद, २००६ च्या कायद्याप्रमाणे वनहक्काचा दावा, आणि आईबाप भट्टीवर असताना मुलांची शाळा. ही मदत करताना कोणाचा धर्म विचारायचा नाही आणि बदल्यात काही मागायचे नाही.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारू या. उद्या वाडीवरची बाई आपल्या उपासनेला आली, तर ती कोणत्या रांगेत बसेल? आपल्या लग्नाच्या पंगतीत तिला कुठे जागा मिळेल? ख्रिस्तात उच्चनीच नाही, हे गलतीकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आपण वाचतो. ते पंगतीतही दिसले पाहिजे.

प्रार्थनेचे विषय :
• उचलीच्या कर्जात अडकलेल्या कुटुंबांची सुटका व्हावी.
• वाड्यांवरील मुलांची शाळा मध्येच सुटू नये.
• आपल्या मंडळ्यांतील जातीचा भेद आपल्याला दिसावा आणि तो टाकण्याचे धैर्य मिळावे.

प्रभूच्या सेवेत आपले,
संपादक