रेव्हिटमधले पर्याय: ठेवायचे कसे, मिटवायचे कधी

क्लायंटला एक जिना दाखवला की ते विचारतात, "दुसरं काही नाही का?" मग आपण काय करतो? फाइलची कॉपी. ‘बंगला फायनल’, ‘बंगला फायनल २’, ‘बंगला खरंच फायनल’. (हशा) हसू नका, तुमच्याही फोल्डरमध्ये असतील. अडचण अशी की उद्या एक कॉलम सहा इंच सरकला, तर तो तिन्ही फाइलींत सरकवावा लागतो. एकीत राहून गेलं की संपलं.

यासाठी रेव्हिटमध्ये ‘डिझाइन ऑप्शन्स’ आहेत. ‘मॅनेज’ टॅबवर सापडतील. कल्पना साधी आहे. जे ठरलेलं आहे, ते ‘मेन मॉडेल’मध्ये राहतं. जे ठरायचंय, त्याचा एक ‘ऑप्शन सेट’ करायचा आणि त्यात पर्याय ठेवायचे. समजा, ‘जिना’ या सेटमध्ये दोन पर्याय आहेत आणि ‘स्वयंपाकघर’ या सेटमध्ये तीन. एकूण पाचच गोष्टी काढल्या, पण क्लायंटला सहा जोड्या दाखवता येतात. कॉलम मात्र एकदाच सरकवायचा.

आता दोन मर्यादा लक्षात ठेवा. खिडकी पर्यायात घ्यायची असेल तर ती ज्या भिंतीत आहे, ती भिंतही त्याच पर्यायात घ्या. आणि ‘लेव्हल’ पर्यायात जात नाही. म्हणजे मजल्याची उंचीच बदलून बघायची असेल, तर तिथे हे साधन चालत नाही. वेगळी फाइलच करावी लागते.

प्रत्येक सेटमध्ये एक पर्याय ‘प्रायमरी’ असतो. इथे नीट ऐका, कारण इथेच माझे पैसे गेलेत. कुठलाही व्ह्यू सुरुवातीला ‘ऑटोमॅटिक’वर असतो, म्हणजे जो प्रायमरी असेल तो दाखवतो. एका मीटिंगमध्ये क्लायंटला स्वयंपाकघराचा दुसरा पर्याय पटकन दाखवायचा होता. मी ‘मेक प्रायमरी’ दाबलं. त्यांनी पाहिलं, "नको, पहिलाच ठेवा" म्हणाले, चहा झाला, सगळे उठले. मी ते परत बदललंच नाही. दोन दिवसांनी ऑफिसमधून खिडक्यांचं शेड्यूल निघालं आणि फॅब्रिकेटरकडे गेलं. शेड्यूलही ऑटोमॅटिकवरच होतं! चार चौकटी नाकारलेल्या पर्यायाच्या मापाने बनून साइटवर आल्या. सॉफ्टवेअरने काही चुकीचं केलं नाही. मी सांगितलं तेच त्याने दाखवलं.

तेव्हापासून माझा नियम असा: दाखवण्यासाठी प्रायमरी बदलायचा नाही. व्ह्यूची डुप्लिकेट करायची, ‘व्हिजिबिलिटी ग्राफिक्स’मध्ये ‘डिझाइन ऑप्शन्स’ टॅबवर जायचं आणि तिथे हवा तो पर्याय पक्का करायचा. व्ह्यूच्या नावातही पर्यायाचं नाव लिहायचं. शेड्यूललाही हेच लागू. साइटवर जाणाऱ्या कागदावर ‘ऑटोमॅटिक’ नको.

नावांचंही तसंच. ‘ऑप्शन १’, ‘ऑप्शन २’ हे महिन्याभराने कुणालाच कळत नाही. ‘सरळ जिना’, ‘वळणाचा जिना’ असं लिहा.

(श्रोत्यांतून प्रश्न: सगळे पर्याय शेवटपर्यंत ठेवले तर काय बिघडतं?)

चांगला प्रश्न. फाइल जड होते, हे एक. दुसरं, नवीन आलेल्या मुलाला कळत नाही की यातलं ठरलेलं कुठलं. तो भलत्याच पर्यायात शिरून भिंत काढतो आणि मग ती शोधत बसावं लागतं. म्हणून निर्णय झाला की ‘ॲक्सेप्ट प्रायमरी’ करा. निवडलेला पर्याय मेन मॉडेलमध्ये मिसळतो आणि त्या सेटमधले बाकीचे पुसले जातात. त्या पर्यायांसाठी केलेले व्ह्यूही काढायचे का, असं तो विचारतो. न वाचता ‘हो’ म्हणू नका.

पण त्याआधी दोन कामं करा. क्लायंटकडून निर्णय लेखी घ्या, साधा ईमेल चालेल. आणि फाइलची एक प्रत तारीख टाकून बाजूला ठेवा. कारण स्लॅब पडल्यावर फोन येतोच, "अहो, ते पहिलं काय दाखवलं होतं तुम्ही?" (हशा)

आज घरी गेल्यावर एवढंच करा. चालू प्रोजेक्ट उघडा, शेवटचं शेड्यूल काढा आणि ते कुठल्या पर्यायाचं आहे, ते बघा.