दोन मिनिटांची सावली

माझ्या मनगटावर साडेअकरा वाजले होते आणि वेधशाळेतल्या सम्राट यंत्रावर, म्हणजे दगडी सूर्यघड्याळावर, अकरा वाजून सात मिनिटं. मेच्या मध्यावरचं उज्जैनचं ऊन, पायाखाली तापलेली फरशी. ‘यंत्र मागं पडलंय का?’ असं मी विचारलं, तेव्हा तिथला कर्मचारी हसला. मागं काहीच नाही. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर चालतं, उज्जैन त्याच्या बरंच पश्चिमेला. त्याची सत्तावीस मिनिटं वजा. सूर्यही वर्षभर एका चालीनं चालत नाही, त्याची चारेक मिनिटं त्या दिवसांत अधिक. हिशेब तंतोतंत जुळला.

इतिहास फलकांवर आहे, तो पाच मिनिटांत वाचून होतो. जयपूरचा राजा सवाई जयसिंह याला पितळी यंत्रांचा वैताग आला होता: आस झिजतात, वर्तुळं हलतात, कलांच्या, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाच्या, खुणा मावत नाहीत. म्हणून त्यानं दगड-चुन्यात पाच वेधशाळा बांधल्या; मथुरेची आता उरलेली नाही. त्याच्या पदरी महाराष्ट्रातले जगन्नाथ पंडित होते, ज्यांनी युक्लिडची भूमिती ‘रेखागणित’ म्हणून संस्कृतात आणली. उज्जैनची वेधशाळा पुढं मोडकळीला आली. १९२३मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी ती दुरुस्त करवली. ज्योतिर्गणिती गोविंद सदाशिव आपट्यांनी तिथं काम पाहिलं. १९४२पासून तिथून दरवर्षी पंचांग निघतं. म्हणजे हे नुसतं स्मारक नव्हे.

मी मात्र अडकलो सम्राट यंत्रावरच्या सावलीच्या काठाशी. मधली तिरकी भिंत ध्रुवाकडं रोखलेली, दोन्ही बाजूंना कमानीसारखे वळलेले चतुर्थांश, त्यांवर कोरलेल्या खुणा. सावली कुठं संपते ते बघायला वाकलो, तर ती संपतच नव्हती. गडद, मग राखी, मग जेमतेम जाणवेल इतकी. सूर्य हा बिंदू नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे, आणि स्वतःच्या रुंदीइतकं सरकायला त्याला दोन मिनिटं लागतात. यंत्र जयपूरसारखं सत्तावीस मीटर उंच बांधा, खुणा मोकळ्या होतील, पण तो राखी पट्टा दोन मिनिटांचाच राहील. राजालाही यावर उपाय नव्हता. उपाय त्या कर्मचाऱ्याच्या खिशात निघाला: काळा दोरा. भिंतीच्या कडेला समांतर, खुणांच्या बोटभर वर तो धरायचा आणि हळूहळू सावलीकडं सरकवायचा. दोऱ्याची बारीक छाया ज्या खुणेवर विरते, ती वेळ. त्यानं तीनदा वाचली, तिन्ही वेळा खूण एकच. मी तीनदा वाचली, तीन वेगळ्या आल्या.

काळजी वाटते ती या खुणांचीच. दुरुस्तीत गिलावा चढतो, चुना लागतो, खुणा बुजतात. दिल्लीच्या जंतरमंतरचं असंच झालं, वर भोवती उंच इमारती उभ्या राहून ऊनच अडलं. खुणा पुन्हा कोरताना जराशी चूक झाली की यंत्राची नुसती घसरगुंडी उरते. दगड पाडून पुन्हा बांधता येतो. पण मोजणारा हात गेला की कुणालाच कळत नाही की काय चुकलं. शिकून घेणारा कुणी आहे का, असं मी त्या कर्मचाऱ्याला विचारलं. त्यानं दोरा गुंडाळून खिशात ठेवला.

२१ जूनला बारा वाजून अठ्ठावीस मिनिटांच्या सुमारास उज्जैनच्या शंकूची, म्हणजे तिथल्या उभ्या खांबाची, सावली जवळजवळ नाहीशी होते. गर्दी तिथं असते. तुम्ही सम्राटापाशी जा, आणि जाताना हातभर काळा दोरा न्या.