वाट शोधणारा गणितज्ञ

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील ग्रँड कॅन्यन ही जगप्रसिद्ध घळई पाहण्यासाठी दरवर्षी लाखो पर्यटक येतात. त्यांपैकी बहुतेक जण कड्याच्या काठावर उभे राहून खाली पसरलेले रंगीबेरंगी पाषाणविश्व डोळे भरून न्याहाळतात, छायाचित्रे काढतात आणि परततात. काही उत्साही मंडळी आखलेल्या वाटांनी थेट कोलोरॅडो नदीपर्यंत उतरतात. परंतु ४४६ किलोमीटर लांब, काही ठिकाणी २९ किलोमीटर रुंद आणि दीड किलोमीटरहून अधिक खोल अशा या अवाढव्य पसाऱ्यात आखीव वाटा मोजक्याच आहेत. उरलेल्या प्रदेशात माणसाला पायी कोठून जाता येईल, हा प्रश्न गणिताच्या एका प्राध्यापकाने जन्मभर उराशी बाळगला. त्यांचे नाव हार्वी बुचार्ट.

मिशनरी दांपत्याच्या पोटी १९०७ मध्ये चीनमध्ये जन्मलेले बुचार्ट १९४५ साली फ्लॅगस्टाफ येथील महाविद्यालयात अध्यापनासाठी आले. हेच महाविद्यालय पुढे नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठ झाले. आठवडाभर फळ्यावर गणिते सोडवायची आणि सुट्टी लागताच पाठपिशवी घेऊन घळई गाठायची, असा त्यांचा क्रम सुरू झाला. चार दशकांहून अधिक काळ तो चालू राहिला. या काळात त्यांनी घळईत एक हजाराहून अधिक दिवस व्यतीत केले आणि सुमारे १९,००० किलोमीटर पायपीट केली.

उलटा डोंगर

डोंगर चढताना अंगात ताकद असते ती सुरुवातीला, आणि परतीचा प्रवास उताराचा असतो. घळईत सारे उलटे. उतरणे आधी, चढणे नंतर. तेही थकल्यावर, उन्हाचा पारा चढलेला असताना. काठावर हवा सुखद असली, तरी नदीकाठी उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. म्हणूनच नवी वाट शोधणाऱ्याचा पहिला नियम असा, की जेथून पुन्हा वर चढता येईल याची खात्री नाही, तेथून खाली उडी टाकू नये.

दुसरी अडचण खडकांची. घळईच्या भिंती म्हणजे एकावर एक रचलेले थर. मृदू खडक झिजून उतार आणि पठारे होतात. कठीण खडकाचे सरळसोट कडे उरतात. यांत सर्वांत दुर्लंघ्य ठरतो तो ‘रेडवॉल’ नावाचा चुनखडीचा थर. मुळात करडा असलेला हा खडक वरच्या थरांतून ओघळणाऱ्या लोहयुक्त रंगाने लाल दिसतो. साधारण पाचशे फूट उंचीची ही भिंत मैलोन्‌मैल अखंड चालते. ती ओलांडण्याची संधी मिळते ती मुख्यतः जेथे जमिनीच्या हालचालींनी प्रस्तरभंग झाला आहे, खडक खचला आहे आणि दगडगोट्यांनी भरलेली एखादी नाळ तयार झाली आहे तेथे. सह्याद्रीत नळीच्या वाटेने कडा चढणाऱ्या मराठी गिर्यारोहकाला ही युक्ती ओळखीची वाटेल. खडक मात्र आपल्या बेसॉल्टहून सर्वस्वी वेगळा.

नकाशाचे मौन

बुचार्ट यांच्या हाती असलेले नकाशे उत्तम होते. विसाव्या शतकाच्या आरंभी मोठ्या कष्टाने केलेल्या मोजणीवर ते आधारलेले होते. परंतु त्यांवरील दोन समोच्च रेषांमध्ये ५० फुटांचे अंतर होते. याचा अर्थ असा, की ३० फुटांचा कडा दोन रेषांच्या मध्ये दडून राहू शकतो. कागदावर सौम्य दिसणाऱ्या उतारावर प्रत्यक्षात पाय टाकायला जागा नसते. टोंटो पठारासारख्या सपाट भागातही प्रत्येक उपघळईला वळसा घालावा लागतो, आणि नकाशावरचे दोन किलोमीटर चालताना कित्येक पटींनी वाढतात.

तेव्हा वाट शोधायची कशी? समोरच्या काठावरून दुर्बिणीने भिंत न्याहाळायची. रानमेंढ्यांच्या पाऊलखुणा पाहायच्या. प्राचीन रहिवाशांनी खडकात कोरलेल्या खोबण्या हेरायच्या. कारण बुचार्ट ज्या वाटा ‘शोधत’ होते, त्यांपैकी अनेक वाटांवरून हजारो वर्षांपूर्वी माणसे गेली होती. रेडवॉलमधील दुर्गम गुहांत एकच डहाळी चिरून, वळवून केलेल्या प्राण्यांच्या चिमुकल्या आकृती सापडल्या आहेत. त्यांतील काही सुमारे ४,००० वर्षांपूर्वीच्या आहेत. हवासुपाई लोक तर आजही घळईच्या पोटात, सुपाई गावात राहतात.

पाण्याचा हिशेब मात्र चुकून चालत नाही. एक लिटर पाणी म्हणजे पाठीवर एक किलो वजन, आणि कडक उन्हात दिवसाला चार लिटरही अपुरे पडतात. पावसानंतर खडकातील खळग्यांत साठलेले पाणी काही दिवस साथ देते. मग तेही आटते. आणि ज्या पावसाची वाट पाहायची, तोच जीवघेणाही ठरतो. ऑगस्ट १९९७ मध्ये याच राज्यातील अँटिलोप कॅन्यन या अरुंद घळीत दूरवर झालेल्या वादळी पावसाचा लोंढा शिरला आणि अकरा पर्यटक प्राणांस मुकले.

नदीने घेतलेली किंमत

एवढी सावधगिरी बाळगणाऱ्या बुचार्ट यांच्या हातूनही एकदा हिशेब चुकला. पलीकडच्या तीरावर जाण्यासाठी ते हवा भरलेल्या गादीचा उपयोग करीत. त्या काळी नदीवर ग्लेन कॅन्यन धरण नव्हते आणि वसंतात बर्फ वितळले, की कोलोरॅडो दुथडी भरून वाहत असे. मे १९५५ मध्ये अशाच पुरात नदी ओलांडताना त्यांच्यासोबत असलेला एक तरुण विद्यार्थी प्रवाहात सापडून बुडाला. बुचार्ट वाचले. खडकाचा अंदाज घेणे वेगळे आणि सोबत्याच्या क्षमतेचा अंदाज घेणे वेगळे, हा धडा फार मोठी किंमत देऊन मिळाला. शोधयात्रेत म्होरक्याचा निर्णय त्याच्या एकट्यापुरता नसतो. बुचार्ट यांच्या पराक्रमाची गोष्ट सांगताना हे पान वगळून चालणार नाही.

मागून येणाऱ्यांसाठी

प्रत्येक फेरीनंतर बुचार्ट घरी परतून सविस्तर नोंदी टंकलिखित करीत. कोठे वाट निघाली, कोठे परतावे लागले, पाणी कोठे मिळाले, हे सारे त्यांत असे. फसलेल्या फेऱ्याही त्यांनी तितक्याच निष्ठेने नोंदविल्या. हे ज्ञान त्यांनी स्वतःपाशी ठेवले नाही. १९६३ मध्ये वेल्समध्ये जन्मलेले लेखक कॉलिन फ्लेचर यांनी तत्कालीन राष्ट्रीय उद्यानाची संपूर्ण लांबी एका सलग प्रवासात पायी पार करण्याचे ठरविले, तेव्हा मार्गदर्शनासाठी ते बुचार्ट यांच्याकडेच आले. फ्लेचर यांची दोन महिन्यांची पदयात्रा यशस्वी झाली आणि १९६८ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकाने ती जगभर पोहोचली. बुचार्ट यांचे स्वतःचे छोटेखानी मार्गदर्शक पुस्तक १९७० मध्ये निघाले. त्यात वर्णनाचा फुलोरा नाही. मोजकी, नेमकी वाक्ये आहेत.

२००२ मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी बुचार्ट यांचे निधन झाले. त्यांच्या हजारावर पानांच्या नोंदी फ्लॅगस्टाफच्या विद्यापीठात जतन केलेल्या आहेत. आजही एखादा पदभ्रमणकर्ता आखीव वाट सोडण्यापूर्वी ती पाने उलटतो. एखाद्या नाळेपुढे ‘जाता येते’ एवढेच लिहिलेले असते, तर कोठे ‘येथून परतलो’. पाठीवर दोन दिवसांचे पाणी घेऊन कड्याच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाला या दोन्ही नोंदी सारख्याच मोलाच्या वाटतात.